आठ पावत्या

बँकेनं बाबांना मशीन दिलं तेव्हापासून
पावतीपुस्तकं कपाटावर पडून आहेत,
गुलाबी, पाठकोरी,
पुढच्या बाजूला "दैनिक बचत, अक्षरी रुपये" आणि एक लांब रेघ.
त्यातल्या आठ फाडून मी
दांडिया बाजारातल्या आमच्या टीचभर टेबलावर मांडल्या.
एका सत्राला एक.
पंखा बंद. मे महिना.
घाम गाळणं म्हणतात ते हेच असावं.

पहिलीवर लिहिलं: सूक्ष्म.
दुसरीवर: समग्र.
तिसरीवर गणित, आणि पेन थांबलं.
अकरावीत मी गणित सोडलं होतं.
सोडलं म्हणजे भाड्याची खोली सोडावी तसं,
झाडून, पुसून, किल्ली परत देऊन.
आता पुन्हा त्याच दाराशी:
मालक, जागा आहे का?

फतेगंजची हेतल आमच्यासारखीच मराठी बोलते,
वाक्याच्या शेपटीला "ने" लावून.
"स्टॅट्स दुसऱ्यातच घे ने,
नाहीतर पाचव्यात रडशील."
ती रडली होती. तिचा शब्द प्रमाण.
मी गणित पहिलीवर सरकवलं.
सूक्ष्म जरा अंग चोरून बसलं.

मकरपुऱ्याचे विलासकाका आले, पावत्या बघून हसले.
"बी.कॉम. कर. हिशेब येईल, नोकरी येईल.
अर्थशास्त्र शिकून काय, सरकारला सल्ला देणार?
सरकार ऐकतं होय कुणाचं?"
आई आतून म्हणाली, "शेवउसळ गार होतेय."
कुठल्याही विषयावर आईचं हेच मत असतं.

काकांना मी शांताबेनचं सांगितलं नाही.

खंडेराव मार्केट, कोथिंबीर, पुदिना, ओला पोत.
बाबांकडे रोज तीस रुपये भरते, नऊ वर्षं झाली.
वर्षाच्या आत मोडलं तर व्याज नाही,
उलट दोन टक्के कापतात.
आणि ही बाई रोज पहाटे नऊशे उचलते एकाकडून,
संध्याकाळी हजार परत करते.
मी तिच्याच पुड्याच्या कागदावर मांडून दाखवलं,
तीस गुणिले तीस, नऊशे.
एक महिना, शांताबेन. फक्त एक महिना
हेच तीस बाजूला ठेव, पहाटेचा माणूस सुटतो.
तिनं कागद नीट पाहिला.
जुडीवर पाणी शिंपडलं.
"घरमां पैसो रहे ने बेटा, तो घर खाई जाय."

ती मूर्ख नाही.
माझा गुणाकारही बरोबर आहे.
मग या दोन्हींच्या मधे जे काही आहे
ते कितव्या सत्रात शिकवतात?
सगळा अभ्यासक्रम चाळला.
सातव्यात कुठेतरी, खाली, बारीक अक्षरात
विकासाचं अर्थशास्त्र. ऐच्छिक.
ऐच्छिक!
मी सातव्या पावतीवर तेवढंच लिहिलं
आणि दोनदा अधोरेखित केलं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मशीनचा कागद संपला.
घाईत त्यांनी टेबलावरचं हाताला लागलं ते उचललं.
रात्री मी मोजल्या तर सात.
पाचवी नव्हती.
"अगं, ती होय? शांताबेनला दिली,
अक्षरी रुपये तीस फक्त. शिक्का मारून.
मागे काही होतं का?"
इकॉनॉमेट्रिक्स होतं, बाबा.
आणि एक प्रश्नचिन्ह.
"उद्या मागून आणतो."
नको म्हटलं.
ती सगळ्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात ठेवते,
रबर लावून, वर्षवार.
माझं पाचवं सत्र
याहून नीट कुठे राहणार आहे?

मग पंखा लावला.
सात पावत्या उडाल्या टेबलावरून,
सहावी थेट फ्रिजखाली.
मी झाडू घेऊन पालथी पडले तर
आई म्हणाली, "आधी जेव."