शब्दामागे ऐंशी पैसे

शांपूच्या बाटलीमागचा मजकूर आलाय, उद्या सकाळी हवाय.
तिसऱ्या ओळीत लाइफलेस. केसांबद्दल.
कर्वेनगरातल्या या टेबलावर, रात्री पावणेअकराला,
मी लिहिते : निर्जीव केस.
खोडते. केस निर्जीवच असतात,
म्हणून तर कापताना दुखत नाहीत.

निष्प्राण म्हटलं तर बाटलीला हार घालावा लागेल.
निस्तेज डलसाठी आधीच खर्ची पडलं,
आणि कंपनीला दोन्ही हवेत, शेजारी शेजारी.
मलूल फक्त लहान मुलं होतात, तापात.

गेल्या महिन्यात हाच शब्द विम्याच्या कागदांत आला होता,
खडकवासल्याच्या काठावर सापडलेल्या बॉडीला चिकटून.
तिथे अडले नाही. मृतदेह लिहिलं
आणि चहा टाकला.
त्याआधी गहुंज्याच्या खेळपट्टीला :
समोरच्या चिन्मयला विचारून पाटा लिहिलं.
म्हणजे स्वयंपाकघरातला, हसलाच तो, वरवंट्याशिवायचा.

इंग्रजीचं बरं आहे.
आयुष्याला मागून एक शेपूट जोडलं की झालं,
केस, प्रेत, बावीस यार्ड माती, सगळं एकाच खात्यात.

आतल्या खोलीत दिगंबर जागा आहे, माझा धाकटा.
वारज्याच्या पुलाखाली स्कूटर घसरली त्याला सात आठवडे झाले.
भोसरीत लेथवर केसाएवढा फरक
बोटांनी ओळखणारा त्याचा उजवा हात
उशीवर पडलाय, पाहुणा विसरून गेलेल्या छत्रीसारखा.
मंगळवारी, शुक्रवारी शबाना तांबोळी येते.
तळव्यात स्पंजचा चेंडू ठेवते :
दाबा. हां. जीव नाहीये अजून.

अजून.
हे तिने इतकं सहज म्हटलं
की दिगंबरने मान डोलावली, जशी पाणी आलं नाही अजून
म्हटल्यावर आपण डोलावतो
आणि बादली नळाखालीच ठेवतो.

मी टाइप करते : जीव नसलेल्या केसांना पुन्हा जीव.
पाठवते. दोन मिनिटांत उत्तर :
मॅडम, लेबलवर जागा नाही. एकच शब्द द्या.

निर्जीव, देते मी. घ्या.
ऐंशी पैसे.

आत काहीतरी पडतं, घरंगळत जातं कपाटाखाली.
चेंडू.
धरवला नाही म्हणून सुटला,
की दाबला म्हणून उडाला?
दिवा न लावताच
उठते.