बाटली अ, बाटली ब

मानवतला जिनिंगच्या मागं पत्र्याची चाळ आहे,
तिथं मी आठ आठवडे खोकला मोजला.
असंही काम असतं, हे घरी पटलं नाही कुणाला.
आई म्हणाली, एवढं शिकून?

वहीत रकाने : रात्रीचा, पहाटेचा,
कोरडा, ओला,
ढास लागून डोळ्यांत पाणी आणणारा.
एका बाटलीत अडुळसा, भुईरिंगणी, बेहडा,
लेंडी पिंपळीचा चिमूटभर चटका.
दुसरीत नुसता पाक, कडू करून ठेवलेला.
कुठली कोणती, मलाही सांगितलं नव्हतं.
मी झाकण उघडून वास घेतला चोरून.
सरांनी तेवढी काळजी घेतली होती.

गफूरमामू मोजायच्या आधीच आकडा सांगायचे,
‘लिख ले बेटी, चालीस.’
चाळीसच भरायचे.

लोचनाबाईला अ आली, धुरपताला ब.
जावा-जावा. चिठ्ठी त्यांनीच उचलली.
दोघींच्या भुवया कापसाच्या भुग्यानं पिकलेल्या.
‘आत जातो न् वात वळून बसतो,’ धुरपता म्हणाली,
‘पेटत बी नाही, निघत बी नाही.’
यासाठी वहीत रकाना नव्हता.

पाचव्या आठवड्यात दोघींचे आकडे
एकदमच उतरले, अगदी हातात हात घालून.
मी सरांना फोन लावणार, तेवढ्यात
चुलीशेजारी पातेलं दिसलं, त्यात पळी,
अन् आडव्या पडलेल्या दोन रिकाम्या बाटल्या.

‘एकीला भारी न् एकीला हलकं, असं कसं चालंल माय?
एका चुलीवर हाव आम्ही.
मिसळलं, न् निम्मं निम्मं घ्यायलोत.’
थोडं मुंजाच्या पोरालाही दिलं होतं.
त्याला खोकला नव्हता, त्याला चव आवडली होती.

मी नियम सांगितला.
त्यांनी मान हलवली,
भाव न जुळलेल्या गिऱ्हाइकापुढं हलवतात तशी.

तक्त्यात त्या दोघी नाहीत.
वगळले : दोन. कारण : औषध घेण्यात अनियमितता.
बाकी अठ्ठावीस जणांत फरक निघाला, पण बारीक,
योगायोगही असू शकेल इतका.
सरांनी तसंच लिहिलं. खोडलं नाही काही.

माझी सवय मात्र गेली नाही.
एसटीत, ऐन मंगलाष्टकात
कुणी खोकलं की अंगठा आपोआप
बोटाच्या पुढच्या पेरावर सरकतो.

शेवटच्या रात्री जिन बंद होतं.
मी दाराशी पोत्यावर बसलेले, मांडीवर वही.
आत एकीला उबळ आली,
ती थांबायच्या आत दुसरीला,
मग पळीचा आवाज, मग दबकं हसू.
अंधारात कुणाचा कुठला, कळेना.
मी सात लिहिले.
कुणाच्या नावापुढं, ते ठरवत बसले नाही.