चौथं
ग्वाल्हेरची जानेवारी, रात्री पावणेतीन.
धुकं इतकं, की ऑटोवाला
लष्करातून अंदाजानेच वळला.
मांडीवर बुंदी,
शेपटीखाली हिरवट डाग.

भदौरिया मॅडमनी फॉर्म सरकवला,
माणसांचाच, झेरॉक्स केलेला.
'नातं'समोर मी मालक लिहिलं,
खोडलं,
रकाना तसाच सोडला.

चार निघाली. एक गार.
तिघांना रामसेवकने टॉवेलात
खसाखसा चोळलं, तेव्हा कुठे
कुईं.

"शुद्धीवर आली की ओळखणार नाही.
गुरगुरेल. तोंड धरून
पिल्लं लावायची."

धरलं.
गुरगुरली.
माझ्या मनगटावर दात टेकवले,
रुतवले नाहीत.

हीटरची एकच कांडी पेटत होती.
उजाडता उजाडता तिने
तिघांना एकेक करून हुंगलं,
आणि टाके ओढत
चौथं शोधू लागली.