नग चार

माधवनगर रोडला, वजनकाट्याच्या अलीकडं
माझं दुकान. पाटीवर दिलावर जमादार,
खाली अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन.
मोठी चाकं बसवून मिळतील असं कुठं लिहिलेलं नाही.
ते पोरांना माहीत असतं.

भरतेश मगदूम आला तेव्हा गाडीला पंधरा इंची होती,
कंपनीतून आली तशी.
मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी ताणून म्हणाला,
"मामू, अठरा. काळी. काठाला लाल रेघ."
मी म्हणालो, आर्चला घासतील.
"घासू देत."
काटा खोटं बोलेल, म्हणालो,
साठ दाखवेल तेव्हा तू पासष्टात असशील.
हसला.
"मग लवकर पोचंन की."

बाप हळदीचा अडत्या, मार्केट यार्डात.
पोरानं दिलेल्या नोटा मोजताना
माझी बोटं पिवळी झाली.
"बिलात चाकं लिहू नका, मामू.
नुसतं अलाइनमेंट लिहा."
लिहिलं. साडेसहाशे रुपये फक्त.
आर्चची कड हातोडीनं आत वळवली,
तीही बिलात नाही.
जुनी चाकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली.
"नेतो दोन दिवसात."

ते दोन दिवस सात महिने चालले.

अंकलीच्या पुलाअलीकडं वळणावर
डावा टायर आतल्या अंगानं उसवला
आणि गाडी दूधवाल्या ऐनापुऱ्याच्या अंगावर गेली.
भरतेशच्या कपाळाला तीन टाके.
ऐनापुऱ्याचा पाय अजून मिरजेत आहे, सळ्यांसकट.

विम्याच्या सर्व्हेअर कुंभोजकर मॅडम.
पर्समधून टेप काढली, शिंप्याची, कापडी.
पोलीस ठाण्याच्या आवारात
ब्लाऊजचं माप घ्यावं तशी चाकं मोजली,
आर्चच्या आत बोट फिरवलं, बघितलं,
रुमालाला पुसलं.
मग दुकानात आल्या. "तुम्ही बसवली?"
मी बिलबुक उघडून पुढं केलं.
त्यांनी वाचलं. अलाइनमेंट.
"मग चाकं काय आपोआप वाढली?"
आवाज चढवला नाही.
चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

विम्याचा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला,
चष्मा लावून, दारातल्या उजेडात.
अक्षर तिळाएवढं.
बदल हा शब्द तीनदा,
तिन्ही वेळा आधी "न कळवता".
मॅडम म्हणाल्या, आरटीओलाही कळवलं नाही, कलम बावन्न.
गाडीचे पैसे विसरा.
ऐनापुऱ्याला कंपनी देईलही,
पण कोर्टानं मुभा दिली
तर मगदुमांकडून वसूल करेल, पै न पै.
तीन इंच म्हणजे किती?
माझं अंगठ्याशेजारचं बोट, नखासकट.
दुसऱ्याकडं दाखवायचं ते.

मी सांगितलं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.
चहावाल्याला, बायकोला, मशिदीच्या पायरीवर.
सांगितलं होतं हे खरं आहे.
त्यानंतर पाना हातात घेतला, हेही.

परवा आदगोंडा मगदूम आले, भरतेशचे वडील,
हळदीच्या टेंपोतून.
मी माळ्यावर चढलो. पोत्यांवर सात महिन्यांची धूळ,
आत टायर नव्यासारखे,
खाचांत बारके खडेसुद्धा तसेच.
त्यांनी एकेका चाकावर हात ठेवून मोजली.
चारही होती.
"ठेवल्याचं भाडं किती?"
मी मान हलवली.
"बसवल्याचं किती घेतलंत?"
मी आकडा सांगितला. खरा.
ते टेंपोच्या फाळक्याला धरून उभे राहिले.
मला वाटलं आता बोलतील.
"दोरी आहे का एखादी? घरंगळतील."

दोरी दिली. मग बिलबुक ओढलं,
कार्बन सरळ केला आणि लिहिलं,
जुनी चाकं, पंधरा इंची, नग चार, परत.
खाली जागा उरली होती.
तिथं लिहिलं, अठरा इंची मी बसवली.
तारीख आठवून आठवून टाकली, सही केली.
वरची प्रत फाडून त्यांना दिली.
त्यांनी न वाचता टोपीत ठेवली.

दाराशी एक पोरगं कधीपासून उभं होतं,
हातात मोबाईल, बोटं फोटोवर.
"मामू, रेट काय?"