थंडीचे तास

सफर आणि चंद. आमच्या भाषेनं
हे दोन शब्द कुठून आणून जोडले, ठाऊक नाही,
पण नाव चपखल बसलंय:
पुण्यात येतं ते प्रवास करूनच येतं.

मार्केट यार्डात शकूर बागवानांच्या गाळ्यावर
मी एकवीस वर्षं हिशेब लिहितेय.
पहाटे पाचला ट्रक लागतो.
ड्रायव्हर बनिहालला दोन रात्री अडकलेला,
डोळे तांबडे, मानेवर टॉवेल.
पेटीची फळी उचकटली
की एकदम गार वास सुटतो,
कांद्याच्या, डिझेलच्या, घामाच्या गर्दीतून वाट काढत.
आत गवत. गवतात उर्दू वर्तमानपत्र.
शकूरभाई आधी बातमी वाचतात, मग माल बघतात.

त्यांचे वडील रुमालाखाली भाव करायचे,
बोटाला बोट, तोंडातून शब्द नाही.
आता लिलाव ओरडून होतो,
तरी शकूरभाईंची बोटं खिशात हलताना मी पाहिलीत.

अंबरी हल्ली क्वचित येते.
आली तर ते चार बाजूला काढतात,
खिशातल्या चाकूनं चकत्या करून
मला, गेनू हमालाला, चहावाल्या पोराला.
धड लाल नाही, पट्ट्यापट्ट्यांची,
पण कपाटात ठेवा, आठवडाभर साड्यांना वास येतो.
डेलिशस देखणं, बुडाला पाच टेंगळं,
आणि चावलं तर कधीकधी नुसता भुसा.
(देखण्या माणसांबद्दल माझं मत इथेच तयार झालं.)
गोल्डन हळवं, बोट लागलं की डाग.
परदेशी मालावर मेण. नखानं खरवडून बघा.

आमच्या लहानपणी सफरचंद म्हणजे आजारपण.
ससूनला कुणाला भेटायला जाताना
कागदी पिशवीत चार, मोजून.
वसूला टायफॉइड झाला तेव्हा
आई त्याला फोडी भरवायची
आणि मी उशाशी बसून सालं खायची.
देवाला म्हटलं होतं, मलाही होऊ दे,
दोनच दिवस, फार नको.
झाला नाही.
आजही गरापेक्षा सालाचीच चव मला खरी वाटते.
तिखटमीठ लावून तर विचारूच नका.

शकूरभाईंचा नातू जुनैद शेतकी कॉलेजात आहे.
तो सांगत होता, सगळ्याची सुरुवात तिएन शानच्या डोंगरात,
तिथली अस्वलं गोड तेवढी निवडून खायची,
बिया पुढच्या डोंगरात टाकायची.
म्हणजे पहिले आडते अस्वलं! शकूरभाई खूश झाले.
आणि म्हणाला, बी कधी आईवर जात नाही.
अंबरीची बी पेरली तर अंबरी येत नाही,
काहीतरी तिसरंच येतं.
आईसारखं हवं तर कलमच हवं.

मी पेरली.
आधी ओल्या फडक्यात गुंडाळून
फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे, अडीच महिने.
बीला हिवाळा लागतो म्हणे.
बिबवेवाडीत एवढाच हिमालय मिळाला.
आता सहा वर्षं झाली. तेलाच्या डब्यात,
गॅलरीत, गॅस सिलिंडरच्या शेजारी
माझ्या खांद्याइतकं झाड आहे.
पानं. फक्त पानं.
जुनैद म्हणतो, थंडीचे तास भरत नाहीत इथे.
दर जानेवारीत स्वेटर घालून मी बाहेर बसते,
जणू माझेही त्यात धरले जातील.

परवा एक पान वहीत घालून नेलं.
शोपियाँचा ड्रायव्हर होता, तारिक, पोरसवदा,
त्यानं ते चुरगाळलं, हुंगलं,
माझ्याकडे बघितलं, परत हुंगलं.
काही बोलला नाही.
शर्टाच्या खिशात ठेवलं,
वरून बटण लावलं.

रोज आवक लिहिणारी मी.
हे कुठल्या रकान्यात घालू, विचार करत होते
तोवर गेनू ओरडला,
ताई, चाळीस पेट्या उतरल्या, लिवा!