तिसरा सूर

मेटाडोर वडसा सोडून सिंदेवाहीच्या वाटेला लागली
तेव्हा वाल्मिक दोनाडकर गिटारच्या तारा उतरवत होता.
वय त्रेसष्ट. चश्म्याला दोरा.
कधीकाळी जवाहरनगरच्या कॉलनीत, गणपतीत,
आम्ही चौघांनी रॉक वाजवलं होतं.
दुसऱ्याच गाण्याला मंडळाने फ्यूज काढला.
हा वाजवतच राहिला अंधारात,
नुसती तारांची खरखर.

आता धान निघालं की रात्रभराची नाटकं.
खलनायक आला की याचे तीन सूर.
पूर्वी तीस असायचे.

ऑक्टोपॅडवरचं पोरगं म्हणालं,
काका, नवीन आवाज टाकून देऊ का मशीनमधे?
सारे तोच वापरतात.
"म्हणून तर नको बे.
साऱ्यांचा आवाज येत्या दिवाळीले शिळा होते."

मंडपामागे कुणाचं तरी थ्रेशर चालू होतं.
हा जेवण टाकून त्याच्यापाशी जाऊन बसला,
आमच्या पानांवर भुसा येत होता.
परतला, जाड तार ढिली केली,
थोडी, अजून थोडी,
आणि ॲम्प तणसाच्या भाऱ्याकडे तोंड करून ठेवला.

पहाटे तीनला खलनायक आला.
एक. दोन.
तिसरा मला ओळखता आला नाही.
चाळीस वर्षं याच्या डावीकडे बेस घेऊन उभा आहे मी,
माझं बोट चुकलं.

पुढे चादरीतून एक बाई उठून बसली.
"का वाजलं जी?"
तिचा नवरा म्हणाला, झोप.
ती झोपली नाही.