बुधवारचा चोर्बा

अळसांदे सकाळीच थर्मासमध्ये कोंडून गेलो होतो.
उकळतं पाणी, झाकण घट्ट.
दिवसभर गोदीच्या कचेरीत
गंजलेल्या पत्र्यांचे हिशेब करताना
मधूनच आठवायचं: घरी कोणीतरी फुगतंय.

साडेसात. चिखलीच्या चढावर स्कूटर धापा टाकते.
निवेदिता बांबोळीला, रात्रपाळीवर.
स्वधाचा उद्या भूमितीचा पेपर,
म्हणजे भूक आजच, आत्ताच.

चाळीस मिनिटं आहेत.

ल्युबेनला कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही.
घाईचं कडधान्य, म्हणायचा, पोटात जाऊन भांडतं.
जहाजावरचा फिटर, वार्ना गावचा,
नखांत कायम ग्रीस,
पण कांदा असा चिरायचा
जणू कोणाचा सदरा उसवतोय, कापड न दुखावता.
आमचा कुक तापाने आडवा झाला त्या आठवड्यात
एकवीस जणांना त्यानेच जेवू घातलं.
पहिलं पाणी ओतून दे, सांगायचा,
त्यात सगळा राग असतो.

ओतून देतो.
सिंकमधून राग जातो, किंचित करडा, फेसाळ.

कांदा, गाजर, एक ढबू मिरची, कुकर.
टोमॅटो शेवटी, नाहीतर दाणा रुसतो
(हेही त्याचंच).
कढल्यात तेल, चमचाभर कणीक,
तिच्यावर काश्मिरी तिखट,
कारण पाप्रिका मागितली तेव्हा
वास्कोच्या बाजारात एकाने पपई पुढे केली होती.

दुसरी शिट्टी.
हात सवयीने फ्रिजकडे गेला.
आत नारळाची अर्धी वाटी, कालची.
अळसांदे, आणि नारळ नाही?
आमच्या ओट्याला हे सांगायचं कसं?
तोणक तर तोणक, कोण बघतंय,
असं वाटलंही क्षणभर.
मग हात मागे घेतला.
हाताला वाईट वाटलं, स्पष्ट दिसलं.

आता ती डबी.
फिल्मच्या रिळाची, काळी, करड्या झाकणाची.
निरोपाच्या दिवशी शिडीवर उभं राहून
त्याने माझ्या खिशात कोंबली होती: चुब्रित्सा.
वाळलेला पाला,
पुदिन्याचा चुलतभाऊ, ओव्याचा मेहुणा.
बारा वर्षं चिमटी-चिमटीने पुरवली.
नाकाशी धरली.
डबीचा वास आला.

तळाशी होतं नव्हतं ते झाडून घातलं,
आणि मग, कोणी विचारू नये,
चार दाणे ओवा, गॅलरीतला पुदिना.
दुसऱ्याची सही गिरवताना
बोटं थोडी थरथरतात, तशी थरथरली.

खाली पोदेराचा भोंपू.
स्वधा कंपास टाकून पळते, चार उंडे घेऊन येते,
एक जिन्यातच कुरतडलेला.

"काय आहे?"
चोर्बा.
"शोरबा?"
तोच गं. वाटेत कुठेतरी श चा च झाला.

ती फुंकर घालते, चाखते, विचार करते.
"आईच्या तोणकासारखं आहे.
नारळ घालायला विसरलास तसं."

मी तिला समुद्र सांगत नाही,
इंजिनचा तो आवाज सांगत नाही,
जो थांबला की आम्हाला जाग यायची.
मी म्हणतो, हिरवी मिरची चाव सोबत.
ती चावते. डोळ्यांत पाणी, नाक लाल,
आणि उंड्याने वाडगा पुसून पुढे करते: अजून.

एक वाडगा निवेदितासाठी झाकून ठेवला.
दुसऱ्या दिवशीचाच खरा, असं तो म्हणायचा,
रात्रभरात दाण्यांचं आपसात काय ते ठरतं.
सकाळी आठला ती येईल, चपला दारात,
झाकण उचलेल, वास घेईल,
आणि मला माहीत आहे ती फ्रिजातून काय काढेल.

भांडी घासली. कुकर पालथा घातला.
खवणी धुऊन
ओट्यावरच ठेवली.